नोंदवहीत कोणाचे नाव? भारतातील आरोग्यविषयक गोपनीयतेचा कायदेशीर इतिहास (१८६८–२०२५)

१/
१८९७ च्या प्लेगात मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्यात आला. दोन्ही साथींत सरकारच्या हातातील मुख्य कायदा एकच होता : साथरोग अधिनियम, १८९७.

२/
या सव्वाशे वर्षांत रोग बदलले, औषधे बदलली, कागदी नोंदवहीशेजारी संगणक आला. एक प्रश्न मात्र तसाच राहिला : रुग्णाची माहिती आधी कोणाला कळावी, कोणाला कळू नये आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? भारतातील डिजिटल आरोग्य धोरणाची चर्चा बहुधा २०१७ च्या गोपनीयतेवरील निकालापासून सुरू होते. तिची मुळे त्याहून बरीच जुनी आहेत. हा धागा त्या मुळांविषयी.

३/
वैद्याने रुग्णाचे गुपित राखावे, ही कल्पना भारताला नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू शिष्याला दीक्षा देताना जे नियम सांगतो त्यांत रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत असाही एक नियम आहे. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक शपथेतही तसेच वचन आहे. पण दोन्हीकडे ही वैद्याची नीती आहे. वैद्याने ती मोडली तर रुग्णाने कोणाकडे दाद मागावी, याची सोय त्यांत नाही.

४/
इंग्रजी कायद्याने तर या नीतीला न्यायालयाच्या दारातच थांबवले. १७७६ मध्ये डचेस ऑफ किंग्स्टनवर द्विभार्याप्रतिबंधाच्या धर्तीचा, म्हणजे पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याचा, खटला चालला. साक्षीला आलेले शल्यचिकित्सक सीझर हॉकिन्स यांनी, व्यवसायामुळे कळलेली गोष्ट सांगणे बंधनकारक आहे का, असे विचारले. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचे उत्तर होते : आहे. न्यायालयात वैद्याला मौनाचा अधिकार नाही.

५/
हीच भूमिका भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाबरोबर आली. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट या कायद्याने सुरक्षित केली. रुग्णाने डॉक्टरला सांगितलेली गोष्ट केली नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. वकिलाचे संरक्षण त्यातही कायम आहे आणि डॉक्टरच्या बाबतीतली उणीवही.

६/
वासाहतिक सरकारला रुग्णाच्या गुपितापेक्षा रुग्णाच्या नोंदीत अधिक रस होता. १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमाने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नावनिशीवार नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी आणली. हेतू होता गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्याचा. तपासणी स्त्रीची; सैनिकाची नव्हे. रोग आढळला की तिची रवानगी ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये.

७/
परिणाम काय झाला? स्त्रिया नोंदणी टाळू लागल्या, वस्ती बदलू लागल्या. ज्यांच्यापर्यंत वैद्यकीय मदत पोहोचायला हवी होती, त्याच सरकारी दवाखान्यापासून दूर पळाल्या. भारतात आणि इंग्लंडमध्ये झालेल्या विरोधानंतर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला. सक्तीची नोंद आणि लपलेला रुग्ण ही जोडी येथे प्रथम स्पष्ट दिसते. पुढच्या शतकात ती पुन्हा पुन्हा भेटते.

८/
सप्टेंबर १८९६. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. महिन्याभरातच महापालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार वापरायला घेतले. शहरात अफवा पसरल्या. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती घराघरांत शिरली. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

९/
४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. अवघी चार कलमे. सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते उपाय करण्याची मुभा, आदेश मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. गोळा केलेल्या माहितीचे पुढे काय करायचे, ती किती दिवस ठेवायची, कोणाला द्यायची, याविषयी त्यात एक शब्दही नाही.

१०/
पुण्यातील घरझडत्या महाराष्ट्राच्या स्मृतीत पक्क्या बसल्या आहेत. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्च १८९७ मध्ये गोऱ्या सोजिरांकरवी झडत्या सुरू केल्या. माजघर, देवघर, स्वयंपाकघर काहीच वगळले गेले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. हा सारा इतिहास सामान्यतः राष्ट्रवादाचा आणि क्रांतिकार्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच.

११/
पण त्याला आरोग्य धोरणाची दुसरी बाजूही आहे. झडती येणार म्हणताच घरातली माणसे रुग्णाला लपवत. मृत्यूचे खरे कारण सांगितले जात नसे. आजारी माणसाला घेऊन कुटुंबे रातोरात गाव सोडत आणि रोग त्यांच्याबरोबर प्रवास करी. ज्या माहितीसाठी दारे तोडली जात होती, तीच माहिती त्या दारे तोडण्यामुळे नाहीशी होत होती.

१२/
मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला नेण्यासाठी आलेल्या तपासणी पथकाला मुस्लिम विणकरांनी विरोध केला आणि दंगल उसळली. त्यानंतर सरकारी धोरण हळूहळू मवाळ झाले. समाजासमाजांनी चालवलेल्या खासगी रुग्णालयांना मान्यता मिळाली, स्थानिक प्रतिष्ठितांची मदत घेतली गेली, सक्तीऐवजी समजावण्यावर भर आला. सक्तीने साथ आटोक्यात येत नाही, हे राज्यकर्त्यांना अनुभवाने पटले. कायद्यात मात्र हा अनुभव कधीच उतरला नाही. तीच चार कलमे स्वतंत्र भारतात चालू राहिली.

१३/
येथवरची कथा सक्तीच्या नोंदवहीची. भारतीय कायद्यात दुसऱ्या जातीचीही एक नोंदवही आहे आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फार कमी गेले आहे. ती आहे गर्भपाताची नोंदवही.

१४/
१८६० च्या दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. अपवाद फक्त स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या गर्भपाताचा. साहजिकच स्त्रिया चोरून, असुरक्षित जागी, अप्रशिक्षित हातांखाली जात आणि अनेकींचा जीव जाई. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आकाराला आला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

१५/
येथे कायदा करणाऱ्यांपुढे नेमकी अडचण होती. गर्भपात वैध केला तरी नाव फुटण्याची भीती असेल, तर स्त्री सरकारमान्य केंद्राची पायरी चढणार नाही. आणि नोंद ठेवलीच नाही, तर कायद्याचे पालन होते की नाही हे तपासता येणार नाही. नोंद हवी आणि नाव झाकलेले हवे.

१६/
१९७५ च्या विनियमांनी काढलेला मार्ग साधा होता. स्त्रीचे नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहायचे. ती नोंदवही गुप्त दस्तऐवज मानायची आणि सुरक्षित ठेवायची. त्या नोंदीला अनुक्रमांक द्यायचा. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढील तपासणीचे कार्ड, या सर्वांवर केवळ तो क्रमांक. नाव कोठेही नाही. आजच्या संगणकतज्ज्ञांच्या परिभाषेत ज्याला ओळख झाकलेला डेटा म्हणतात, तो भारतीय कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी शाई आणि कागदावर उभा केला होता.

१७/
व्यवहारात या नियमाचे पालन सर्वत्र झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. १८९७ च्या कायद्याने लोकांना लपायला भाग पाडले. १९७५ च्या विनियमांनी लपलेल्यांना बाहेर येण्याचे धैर्य देण्याचा प्रयत्न केला. २०२१ च्या दुरुस्तीने हे कर्तव्य थेट मूळ कायद्यात आले : नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद झाली.

१८/
मग एड्स आला आणि जुनी सवय परत आली. गोव्याच्या १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधित व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद करण्यात आली. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला म्हापशात पोलिसांनी बोलावून घेतले. तो नियमित रक्तदाता होता. दान केलेल्या रक्ताची तपासणी झाली होती आणि तिचा निष्कर्ष त्याला कळण्याआधी पोलिसांच्या हाती पडला होता.

१९/
डॉमिनिकला एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात कोंडून ठेवण्यात आले. तेथे तो ६४ दिवस होता. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाकडे याचिका केली. वकील होते आनंद ग्रोव्हर. अंतरिम आदेशाने तो घरी परतला. अंतिम निकालात मात्र न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांचा संघर्ष झाल्यास व्यक्तीच्या हक्काने माघार घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता.

२०/
एवढ्या काळात सक्तीचे विलगीकरण बंधनकारक न ठेवता ऐच्छिक करणारी दुरुस्ती झाली होती. डॉमिनिकने पुढे गोव्यात बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) या हिंदी चित्रपटामागची प्रेरणा त्याचेच आयुष्य आहे. त्याच्या प्रकरणाने एक गोष्ट लख्ख केली : रक्तदान करायला गेलेला माणूस थेट कोठडीत पोहोचणार असेल, तर पुढचा माणूस तपासणी करून घेणार नाही.

२१/
१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगाराला केवळ एचआयव्हीबाधित असल्याने काम नाकारण्यात आले होते. काम करण्याची शारीरिक क्षमता असताना केवळ या कारणाने रोजगार नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून दूरगामी ठरली ती एक छोटी परवानगी : याचिकाकर्त्याला नाव झाकून लढता येईल. म्हणून हा खटला आजही ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ याच नावाने ओळखला जातो.

२२/
या परवानगीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गोपनीयतेचा भंग झाला म्हणून न्यायालयात जायचे, तर न्यायालयाच्या खुल्या कामकाजात तीच गोष्ट सर्वांसमोर येणार. म्हणजे न्याय मागणे हीच दुसरी शिक्षा. नाव झाकण्याची मुभा मिळाल्यावर बाधितांसाठी न्यायालयाचे दार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उघडले.

२३/
पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा निकाल आला (२१ सप्टेंबर १९९८). रक्तदानाच्या वेळी एका व्यक्तीचे एचआयव्हीचे निदान झाले. ही माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली. ठरलेले लग्न मोडले. समाजाने वाळीत टाकल्याने त्याला गाव सोडावे लागले. त्याने भरपाई मागितली. न्यायालयाने म्हटले, गोपनीयतेचा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क त्याहून वरचा.

२४/
वधूला धोका कळायला हवा, हे म्हणणे नाकारता येणार नाही. अडचण पुढे होती. वधूला सांगणे आणि गावाला कळणे यांत फरक आहे. माहिती कोणी, कोणाला, किती आणि कशा रीतीने सांगावी, हे निकालाने ठरवले नाही. उलट बाधिताचा विवाहाचा हक्क स्थगित असल्यासारखी टिप्पणी त्यात आली. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती टिप्पणी अनावश्यक होती असे स्पष्ट केले.

२५/
या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर मिळायला २०१७ उजाडले. त्या वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू : १० सप्टेंबर २०१८) संमतीशिवाय माहिती उघड करण्यास मनाई केली. जोडीदाराला सांगायचे तर ते फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाने, आधी रुग्णाचे समुपदेशन करून, त्याला कल्पना देऊन, जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून. सांगितल्याने स्त्रीवर हिंसाचार होण्याची रास्त भीती असेल, तर सांगण्याचे बंधन नाही. बाधितांना वेगळे कोंडणे हा भेदभाव ठरला. डॉमिनिकच्या कोठडीनंतर २८ वर्षांनी.

२६/
त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिला आणि संगणकात साठवलेली माहितीही त्यात येते, असे शब्दांत नोंदवले. तेवीस शतके वैद्याच्या शपथेत राहिलेली गोष्ट भारतात अशा रीतीने, एकेका आजारापुरती, रुग्णाच्या हक्कात रूपांतरित होत होती.

२७/
२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची मूळ याचिका आधारविरोधातली. पण न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आरोग्याचाही विचार आहे. साथीचा अंदाज घेण्यासाठी शासनाने रुग्णालयांतील नोंदी वापरणे वैध ठरू शकते. मात्र व्यक्तीची ओळख झाकलेली असावी, असा त्याचा आशय. १९७५ च्या नोंदवहीतले तत्त्व येथे घटनात्मक भाषेत आले.

२८/
मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘दिशा’ या विधेयकाचा मसुदा जाहीर केला. डिजिटल आरोग्य माहितीसाठी हा स्वतंत्र कायदा होणार होता. माहितीचा मालक रुग्ण, असे त्यात म्हटले होते. विमा कंपन्या, मालक-नियोक्ते, मनुष्यबळ सल्लागार आणि औषध कंपन्या यांना ही माहिती कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, अशी स्पष्ट बंदी होती. ओळख झाकलेली माहितीही व्यापारी कामासाठी वापरता येणार नव्हती. सर्व प्रकारच्या माहितीसाठी एकच व्यापक कायदा येणार म्हणून हा मसुदा बाजूला ठेवण्यात आला.

२९/
त्या व्यापक कायद्याची वाट लांबली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळा, कडक दर्जा सुचवला होता. डिसेंबर २०१९ च्या विधेयकात तो दर्जा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आले. दरम्यान दोन घटना घडल्या : कोविडची साथ आली आणि डिजिटल आरोग्य अभियान सुरू झाले. कायद्याच्या आधी यंत्रणा उभी राहिली.

३०/
साथीत १८९७ चा कायदा जसाच्या तसा बाहेर काढण्यात आला. कर्नाटकात सरकारनेच गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या पत्त्यांच्या जिल्हावार याद्या प्रसिद्ध केल्या. केरळात रुग्णांची माहिती एका अमेरिकी कंपनीच्या व्यासपीठावर साठवण्याचा करार वादग्रस्त ठरला. तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये, ओळख झाकल्याशिवाय ही माहिती कंपनीला उपलब्ध करू नये, असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी साथरोग अधिनियमात दुरुस्तीही झाली. ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी होती आणि आवश्यकच होती. रुग्णाच्या माहितीविषयीचे मौन मात्र तसेच राहिले.

३१/
१५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांतील प्रयोगानंतर २७ सप्टेंबर २०२१ पासून ते आयुष्मान भारत डिजिटल अभियान म्हणून देशभर लागू झाले. नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच, आणि रुग्णाने संमती दिली तरच एकाकडून दुसऱ्याकडे. आराखडा विचारपूर्वक केलेला आहे. गावातला दवाखाना आणि शहरातले रुग्णालय यांना एकच केसपेपर दिसला, तर जुन्या रुग्णाचे हेलपाटे आणि त्याच त्याच तपासण्यांचा खर्च निश्चितच वाचेल.

३२/
प्रश्न पायाचा आहे. या अभियानातील गोपनीयतेचे नियम डिसेंबर २०२० च्या आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरणात आहेत. धोरण म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. संमतीचा व्यवहारही कागदावर दिसतो तितका सरळ नाही. लसीकरणासाठी आधार दाखवलेल्या अनेकांना आपला आरोग्य क्रमांक तयार झाल्याचे प्रमाणपत्र हाती आल्यावर समजले. दवाखान्याच्या रांगेत, ताप अंगात असताना दाबलेल्या ‘मान्य आहे’ या बटणाला किती अर्थ असतो, हा प्रश्न १८९७ च्या झडतीइतका उघड नाही. पण त्याच घराण्यातला आहे.

३३/
२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. देशातील या अग्रगण्य रुग्णालयाचे कामकाज बरेच दिवस हाताने, कागदावर चालवावे लागले. एका नोंदवहीतून एका गावाला बातमी फुटत असे. एका सर्व्हरमधून लाखोंची फुटू शकते. प्रमाण बदलले की प्रश्नाची जातही बदलते.

३४/
क्षयरोगाचे उदाहरण या सर्व ताणांना एकत्र आणते. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक आहे. २०१८ मध्ये न कळवणाऱ्यांसाठी दंडसंहितेची कलमे जोडण्यात आली. ‘निक्षय’ या प्रणालीत ही नावनिशीवार नोंद होते आणि पोषण आहाराचे पैसेही तिच्यामार्फतच थेट खात्यात जातात. नोंद नसेल तर औषधाचा पाठपुरावा आणि मदत दोन्ही नाही. त्यामुळे नोंदच नको, असे कोणी म्हणू शकत नाही. पण लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी आरोग्यसेवक आलेला शेजाऱ्यांनी पाहू नये, म्हणून कुटुंबे अजूनही धडपडतात. प्लेगातली भीती आणि ही भीती यांची जात एकच.

३५/
अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, संमती मागे घेण्याचा हक्क, माहिती फुटल्यास संबंधितांना कळवण्याचे बंधन, या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. पण आरोग्य माहितीचा ‘संवेदनशील’ हा वेगळा दर्जा त्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत तो होता, श्रीकृष्ण समितीच्या अहवालात होता, २०१९ च्या विधेयकात होता. अंतिम कायद्यात रुग्णाचा एचआयव्ही अहवाल आणि त्याच्या बुटांच्या खरेदीची पावती एकाच रांगेत आहेत.

३६/
आणखी तीन बाबी. पहिली : साथीच्या काळात उपचारासाठी, तसेच वैद्यकीय आणीबाणीत, संमतीशिवाय माहिती वापरता येते, आणि केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. दुसरी : दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. तिसरी : हा कायदा केवळ डिजिटल किंवा पुढे डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावर उघडी पडलेली वही त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि भारतात अजून कितीतरी रुग्णांची नोंद त्याच वहीत होते.

३७/
हा इतिहास ‘गोपनीयता की सार्वजनिक आरोग्य’ असा पर्याय मांडणाऱ्यांना एक उत्तर देतो. १८६८, १८९७ आणि १९८९ या तिन्ही वेळी सार्वजनिक आरोग्याच्या नावाने गुपिताचा बळी दिला गेला आणि तिन्ही वेळी रुग्ण यंत्रणेपासून दूर गेला. नाव सुरक्षित राहील याचा भरवसा ही रुग्णाला दिलेली मेहेरबानी नाही. साथीची खरी आकडेवारी त्या भरवशावरच मिळते.

३८/
नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. आरोग्यासाठी वेगळे, अधिक कडक नियम करायचे तर वेळ अजून आहे. त्यासाठी परदेशी नमुने धुंडाळण्याआधी येथले दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत : १८९७ ची चार कलमे आणि १९७५ चे विनियम. एकाने नाव मागितले. दुसऱ्याने क्रमांक दिला आणि नाव कपाटात कुलूपबंद केले.

(समाप्त)